डिकॉक्शन उतरेपर्यंत

मागच्या अंकात ‘घरच्या कॉफीबद्दल विचारा’ असं लिहिलं आणि पत्रांचा हा ढीग आला. आमचे हे चहावाले. गठ्ठा बघून म्हणाले, ‘सांगली जिल्ह्यात एवढे कॉफीवाले होते तर लग्नाआधी सांगायचं, मी कराडची मुलगी बघितली असती.’ सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही. ज्यांची राहिली त्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात बघू.

आधी माझी एक चूक. कॉफीच्या पुडीत मिसळतात ती चिकोरी कॉफीच्या मळ्यातच होते असं मी मागे ओघात लिहून गेले. साताऱ्याच्या एका निवृत्त गुरुजींनी पोस्टकार्ड पाठवून कान धरला. चिकोरी आपल्याकडे मुख्यतः गुजरातेत जामनगरकडे आणि उत्तर प्रदेशात पिकते. गुरुजी, बरोबर तुमचंच. माझं लहानपण कर्नाटकात, कॉफीच्या मुलखात, हासनला गेलं, वडील तिथे नोकरीला होते, त्यामुळे कॉफीसंबंधी जे जे ते सगळं तिकडचंच असं डोक्यात पक्कं बसलेलं.

काकू, मुलीनं चेन्नईहून स्टीलचा फिल्टर आणला. कधी डिकॉक्शन दोन मिनिटांत धो धो खाली येतं, कधी तासभर थेंब नाही. आणि आलं तरी दुधात घातल्यावर कॉफी लागतच नाही. — एक वाचक, तासगाव

एका पत्रात तीन दुखणी आहेत, एकेक घेते. (नवख्यांसाठी: हा फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला भोकं, त्यात पूड आणि गरम पाणी. खालच्यात थेंब थेंब उतरतो तो कॉफीचा दाट अर्क म्हणजे डिकॉक्शन.)

धो धो येतंय म्हणजे पूड जाड आहे किंवा कमी घातली आहे. फिल्टरची पूड चिमटीत चोळली की बारीक रव्यासारखी लागली पाहिजे. पिठासारखी झाली तर अडकते, जाड रव्यासारखी राहिली तर पाणी तिला न विचारताच निघून जातं. आणि डबा एकदा वाचून बघा, ती इन्स्टंट नाही ना? आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी इन्स्टंट कॉफी फिल्टरमध्ये घातली होती. ती अख्खी विरघळून खाली उतरली आणि त्या वरच्या भांड्यात चोथा शोधत बसल्या.

थेंब येत नसेल तर वरचं भांडं रिकामं करून खिडकीकडे धरा. सगळ्या भोकांतून उजेड दिसतोय का? बहुतेक निम्मी बुजलेली असतात. ते भांडं चिमट्यात धरून त्याचा तळ गॅसच्या ज्योतीवर मिनिटभर फिरवा, अडकलेली पूड जळून जाते. गार झालं की झटका आणि गरम पाण्यानं धुवा. (हे फक्त स्टीलला. कल्हईच्या पितळी फिल्टरला ज्योत दाखवलीत तर कल्हई वितळेल.) भोकं स्वच्छ असूनही अडलं तर हवा अडकली आहे. वरचं भांडं खालच्यात घट्ट बसलं की खालच्या हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ती डिकॉक्शनला खाली येऊ देत नाही. वरचं भांडं जरासं उचलून परत ठेवा. ‘टप’ असा आवाज येतो आणि थेंब सुरू होतात. हासनला आमच्या शेजारच्या आजी येताजाता फिल्टरला एक टिचकी मारायच्या, ती कशासाठी हे मला फार उशिरा कळलं.

मी कशी करते ते सांगते. दोन माणसांना पोह्याच्या चमच्यानं तीन चमचे पूड, वाढत्या मापानं. वर दांड्याची चकती ठेवायची. दाबायची नाही, मळलेल्या कणकेवर बोट टेकवून बघतो तेवढाच भार. पाणी खळखळून उकळलं की गॅस बंद आणि अर्धा मिनिट थांबायचं. मग आधी फक्त दोन-तीन चमचे पाणी. पूड ताजी असेल तर ती फुगते आणि बारीक बुडबुडे येतात. भाजताना दाण्यात अडकलेला वायू बाहेर पडतो तो. बुडबुडे अजिबात आले नाहीत तर दुकानदारानं जुनी पूड दिली असं समजा. नंतर उरलेलं पाणी, एकूण सव्वाशे मिली, आणि झाकण. वीस मिनिटांत काम होतं, पण मी रात्री ओट्यावर लावून झोपते. सकाळी खालच्या भांड्यात काळंभोर, मधासारखं दिसणारं डिकॉक्शन तयार. ते परत उकळायचं नाही. दूध कडकडीत असलं की पुरतं.

आता दुधाचं. फिल्टरबरोबर जे माप सांगतात ते गाईच्या दुधाचं असतं. तासगावात तुमच्याकडे म्हशीचं दूध येत असणार, आमच्याकडेही तेच. गाईच्या दुधात साडेतीन-चार टक्के स्निग्धांश, म्हशीच्या दुधात सहा-सातपर्यंत. त्या सायीत डिकॉक्शन बुडून जातं, म्हणून कॉफी ‘लागत नाही’. उपाय दोन. दूध तापवून साय काढा, किंवा दूध कमी करा. दक्षिणेत एक भाग डिकॉक्शनला तीन भाग दूध चालतं. मी म्हशीच्या दुधाचे दोनच भाग घेते आणि पाव भाग गरम पाणी. पाणी घालते म्हटल्यावर माझ्या धारवाडच्या मावशीनं महिनाभर फोन केला नव्हता. (धारवाड-हुबळीकडे तसं चहाचंच राज्य, पण मत द्यायला त्या मागे नसतात.)

चिकोरी म्हणजे भेसळच ना? मग पाकिटावर उघड लिहून कशी विकतात? — एक वाचक, विटा

उघड लिहितात म्हणूनच ती भेसळ नाही. चिकोरी एक मूळ आहे. वाळवून, भाजून पूड करतात. त्यात कॅफिन नसतं. रंग गडद येतो, दाटपणा येतो, थोडा गुळचट कडूपणा येतो, आणि पाकीट स्वस्त पडतं. नेपोलियनच्या काळात, 1806 नंतर, समुद्रातून येणारा माल अडला तेव्हा फ्रेंच लोकांनी कॉफीत ती घालायला सुरुवात केली आणि मग त्यांना तिची चवच लागली.

आपल्याकडच्या नियमानुसार मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी हवी आणि प्रमाण पाकिटावर छापायला हवं. ते आकडे बारीक अक्षरात असतात, चष्मा घेऊन जा. निम्मी चिकोरी असलेलं पाकीट कॉफीच्या भावात घेऊ नका एवढंच माझं म्हणणं. दुधाच्या कॉफीला मी 80-20 घेते. बिनदुधाची पिणार असाल तर चिकोरी नकोच, काढ्यासारखी लागते.

त्याच पत्रात तुम्ही अरेबिका-रोबस्टा या कॉफीच्या दोन जातींचंही विचारलंय. अरेबिकात कॅफिन साधारण सव्वा टक्का, रोबस्टात जवळपास दुप्पट. अरेबिका सुवासाला, रोबस्टा कडकपणाला आणि फेसाला. म्हशीच्या दुधापुढे निव्वळ अरेबिका टिकत नाही, त्यात थोडी रोबस्टा असू द्या. पीबेरी म्हणजे फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी. लोक तिला डोक्यावर घेतात. मला मिश्रणात फरक कळलेला नाही.

एकादशीला कॉफी चालते का? — एक वाचक, मिरज

आमच्याकडे चालते. तुमच्याकडे कोण मोठं आहे त्यांना विचारा. चिकोरी मूळच आहे, म्हणजे कंदमुळात धरून ती उपासाला चालवून घेता येईल, पण तो वाद मी सुरू करणार नाही.

मुलानं पुण्याहून मोका पॉट पाठवला. शेगडीवर ठेवला तर आडवाच पडतो. सरळ धरून केली तर कॉफी जळकी लागते. त्यापेक्षा एक फ्रेंच प्रेस घेऊ का? — एक वाचक, मिरज

नका घेऊ. (फ्रेंच प्रेस म्हणजे जाळीच्या दट्ट्यानं पूड खाली दाबायची कॉफीची बरणी.) आधी आहे त्याला उभं करू.

मोका पॉट 1933 चा, इटलीचा. खालच्या भांड्यातलं पाणी वाफेच्या दाबानं मधल्या चाळणीतल्या पुडीतून वरच्या भांड्यात चढतं. बियालेत्ती नावाच्या कारखानदारानं बाजारात आणला. तिकडच्या शेगड्यांना लहान बर्नर असतात. आपल्या शेगडीच्या चार दांड्यांमध्ये त्याचा बूड मावत नाही म्हणून तो लवंडतो. भांड्यांच्या दुकानात लोखंडी जाळीची छोटी चकती मिळते, ती ठेवा. मी सुरुवातीला पापड भाजायची जाळी ठेवून भागवलं. कॉफीला पापडाचा वास आला नाही, पण पुढच्या पापडांना कॉफीचा आला.

जळकी लागते कारण आपण त्याला कुकरसारखं वागवतो, शिट्टीची वाट बघत. खालच्या भांड्यात पाणी त्या छोट्या झडपेच्या खालपर्यंतच, आणि ते आधीच गरम केलेलं. पूड चाळणीत सपाट भरायची, ठासायची नाही. ज्योत बारीक. झाकण उघडं ठेवून बघत राहा. आधी तपकिरी धार येते, मग ती फिकट पिवळी होते आणि घरघर सुरू होते. घरघर सुरू झाली की लगेच उतरवा आणि बूड ओल्या फडक्यावर टेका. पिवळी धार पूर्ण येऊ दिलीत तर तीच कडवट चव सगळ्यात उतरते.

पाणीही बघा. मिरजेत तुमच्याकडे बोअरचं असेल तर त्यातले क्षार कॉफीची आंबूस, फळासारखी चव मारून टाकतात, उरतो तो नुसता कडूपणा. आठ दिवस क्षार काढलेल्या (आरओच्या) पाण्यात करून बघा.

आणि पैसे घालवायचेच असतील तर कागदी गाळणी आणि प्लॅस्टिकचा कोन घ्या. ही कागदी गाळणी 1908 मध्ये जर्मनीतल्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीनं काढली. पितळी भांड्याला भोकं पाडून, मुलाच्या वहीतला टीपकागद घालून. मला ही बाई फार आवडते. पंधरा ग्रॅम पुडीला अडीचशे मिली पाणी, हळूहळू, तीन मिनिटांत संपेल असं. ज्यांना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांगितलंय त्यांना हीच बरी, कारण कॉफीतला तेलकट अंश कागद अडवतो. स्टीलच्या फिल्टरमध्ये, मोका पॉटमध्ये आणि फ्रेंच प्रेसमध्ये तो कमी-जास्त खाली येतोच.

लग्नातल्या मशीनची एक्स्प्रेसो एवढी छान फेसाची असते. पुण्यात हॉटेलात तीच मागवली तर अंगठ्याएवढ्या कपात कडू काळं आणून दिलं. फसवलं का? — एक वाचक, पलूस

फसवलं नाही, खरी एस्प्रेसो तीच. बारीक पुडीतून वातावरणाच्या नऊपट दाबानं गरम पाणी पंचवीस-तीस सेकंद ढकलतात, कपात दोन घोट येतात. आपल्या लग्नातल्या मशीनमध्ये दाब असतो तो वाफेचा, आणि ती वाफ दूध फेसाळायला. कॉफी इन्स्टंट, वरून कोको भुरभुरलेला. मला विचाराल तर मांडवात, जेवणानंतर, हातात पानाचा विडा असताना ती दुसरीच बरी. पुण्यात परत जाल तेव्हा ‘कॅपुचिनो’ म्हणा, तुमच्या ओळखीचं काहीतरी येईल.

संध्याकाळी सहाला कॉफी घेतली की मला रात्री दोनपर्यंत झोप नाही. मिस्टर माझ्याच कपातली घेऊन घोरतात. — एक वाचक, कवठे महांकाळ

कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, पण हे माणसागणिक बदलतं. म्हणजे सहाच्या कॉफीतलं निम्मं अकरा वाजता तुमच्या अंगात जागं असतं. मिस्टरांचं शरीर ते लवकर निपटत असेल. तुम्ही दुपारी दोननंतर घेऊ नका. आणि पत्रात रक्तवाढीच्या गोळ्यांचा उल्लेख आहे, त्या कॉफीबरोबर घेऊ नका, दोन्हीत तास-दीड तासाचं अंतर ठेवा. कॉफी लोह अंगी लागू देत नाही.

आजीची जायफळाची कॉफी जमत नाही. कधी जायफळ उग्र, कधी दूध फाटल्यासारखं. — एक वाचक, सांगली

ही मीही चुकत चुकत शिकले. माझ्या रुखवतात वडिलांनी पितळी फिल्टर ठेवला होता. आत्येसासूबाईंनी तो उचलून, झाकण काढून बघितलं आणि विचारलं, ‘भोकाचा डबा कशाला गं, शेवया गाळायला?’ गावभागातल्या आमच्या घरी कॉफी म्हणजे जायफळाची, तीही पाहुणे आले की किंवा कुणाला पडसं झालं की. मी पहिल्या आठवड्यात हौसेनं फिल्टरची केली. सासूबाईंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘चांगली आहे. आता कॉफी करूया?’

त्यांची पद्धत अशी. अर्धा लिटर दूध, म्हशीचंच, मंद आचेवर दहा मिनिटं, कडेची साय मोडत. साखर त्यातच, म्हणजे दुधाला किंचित खरपूस चव येते. कॉफीची पूड वेगळ्या वाटीत चार चमचे गरम पाण्यात कालवायची आणि गॅस बंद केल्यावर घालायची. तुमचं दूध फाटल्यासारखं होतं कारण पूड तुम्ही दुधाबरोबर उकळत असणार. कॉफी आंबूस असते, दूध जरा शिळं असलं की नासतं. जायफळ किसणीवर किसू नका, तुकडे पडतात आणि एखाद्याच्याच कपात सगळा उग्रपणा जातो. सहाणेवर दुधाच्या दोन थेंबांत उगाळा, पाच कपांना आठ-दहा वळसे. जास्त झालं तर डोकं जड होतं, लहान मुलांना तर देऊच नका. वेलदोडा हवा असेल तर एकच.

सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचं जायफळ मसाल्याच्या डब्यात तसंच आहे, एका बाजूनं सपाट झालेलं. नवीन आणलेल्याचा वास जास्त येतो हे कबूल, पण सहाणेवर तेच हातात बसतं. बरोबर भडंग ठेवा, लसणाचं नको, लसूण कॉफीला मारतो. आणि कप आधी गरम पाण्यानं विसळून घ्या.