सॉफ्टनरचा बायपास कधी आणि कसा वापरावा?

आपण विचारले आहे की, बोअरवेलचे कठीण पाणी मऊ करण्यासाठी बसवलेल्या सॉफ्टनरच्या पाइपांवर तीन कॉक आहेत. बागेला पाणी देताना आणि गावी जाताना यंत्र बायपासवर ठेवावे का, म्हणजे पाणी यंत्रात न नेता थेट पुढे सोडावे का, आणि ठेवायचे तर कोणता कॉक आधी फिरवायचा. आमच्या घरीही अशीच जोडणी असल्याने अनुभवाने लिहितो.

कडेच्या दोन कॉकांपैकी एक, म्हणजे आतला, पाणी यंत्रात नेतो आणि दुसरा, म्हणजे बाहेरचा, ते घरात सोडतो. मधला हे दोन्ही पाइप थेट जोडतो. एरवी कडेचे उघडे व मधला बंद असतो, बायपासमध्ये याच्या नेमके उलट. आधी मधला उघडावा आणि मगच कडेचे बंद करावेत, म्हणजे घरातले पाणी तुटत नाही. परत आणताना मात्र घाई करू नये. आतला कॉक अगदी सावकाश उघडावा, कारण पाण्याचा एकदम लोंढा आला तर यंत्राच्या टाकीतील रेझिनचा, म्हणजे पाणी मऊ करणाऱ्या बारीक दाण्यांचा, थर विस्कटतो. मग बाहेरचा उघडून शेवटी मधला बंद करावा, आणि गिझर सुरू करण्यापूर्वी एखादा थंड पाण्याचा नळ काही मिनिटे वाहू द्यावा.

बागेसाठी बायपास जरूर वापरावा. सॉफ्टनर पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो. पाण्याची कठीणता लिटरला ४०० मिलिग्रॅम असेल, तर सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम वाढते. आपल्याकडे काळी जमीन चोपण, म्हणजे घट्ट व पाणी न मुरणारी, होते ती याच सोडियममुळे, आणि ती सुधारण्यासाठी शेतकरी जिप्सम टाकतात ते कॅल्शियम परत मिळावे म्हणून. म्हणजे मऊ केलेले पाणी बागेला घालणे हा जमीन सुधारण्याचा उलटा प्रयोग झाला. शक्य असेल तर बागेचा पाइप सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढून घ्यावा. रोज कॉक फिरवण्याची कटकट उरत नाही.

गावी जाताना बायपासपेक्षा मुख्य कॉक बंद करणे मला अधिक योग्य वाटते. टायमरवर चालणारे यंत्र पाणी नसतानाही ठरलेल्या वेळी मिठाच्या पाण्याने रेझिन धुण्याचे चक्र सुरू करते, म्हणून त्याचा प्लगही काढावा. परतल्यावर घड्याळ लावून, साचलेले पाणी वापरण्याआधी हे चक्र एकदा हाताने चालवावे. घराची पाण्याची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली असेल त्या दिवशी मात्र बायपास हवाच, कारण तीव्र क्लोरीनने रेझिन खराब होते.

बायपासचे पाणी गिझरमध्येही जाते, त्यामुळे बायपास बंद करायला विसरले तर त्यात क्षार साचतात. न विसरताही फसगत होते, ती अशी. आमच्या नळांवर पांढरे डाग पुन्हा दिसू लागले, तेव्हा दुरुस्तीला आलेल्या माणसाने रेझिन बदलण्याचा सल्ला दिला. खर्च मोठा होता, म्हणून आधी मधला आणि बाहेरचा हे दोन्ही कॉक बंद करून स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला. पाइपमधले पाणी संपल्यावर नळ कोरडा पडायला हवा होता, पण बारीक धार थांबेना. मधला कॉक बंद दिसत असूनही आतून झिजला होता, आणि कठीण पाणी गुपचूप मऊ पाण्यात मिसळत होते. फक्त तो कॉक बदलला. रेझिन अजून तेच आहे.