सासूबाईंना विचारलंस का?

"काकू, आम्हाला रेस्क्यूमधून, म्हणजे बेघर कुत्री दत्तक देणाऱ्या संस्थेतून, इंग्लिश शेफर्ड कुत्रा घ्यायचा आहे. दुर्मिळ जात आहे, पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. कुंपण, खर्च, सुट्टीत बडोद्याला नेणं, याबद्दल सांगाल का? दिवसा आम्ही दोघंही ऑफिसात असतो, पण मेमध्ये सासूबाई येतातच, त्या सांभाळतील."

अमेरिकेतल्या ओहायोहून आलेल्या या पत्रात मी शेवटच्या वाक्यावरच अडले. सासूबाई "येतातच" आणि त्या "सांभाळतील". अगं, त्यांना विचारलंस का? बडोद्याच्या दांडिया बाजारातलं घर, संध्याकाळी सुरसागर तलावाच्या काठावर जमणाऱ्या मैत्रिणी, हे सगळं सोडून त्या सहा महिने नातवंडांसाठी येतात. इथे गाडी चालवता येत नाही, शेजारी कुणाशी चार शब्द बोलायची सोय नाही, हे आपल्या सगळ्यांच्या घरचं. कुत्र्याची सोबत त्यांना आवडेलही, पण ते त्यांच्या तोंडून यायला हवं.

शिवाय हे कुत्रं सोफ्यावर पडून राहणारं नाही. अमेरिकेतल्या लहान शेतांवर गुरं वळायची, कोंबड्यांवर नजर ठेवायची, अंगण राखायचं, अशी पडेल ती कामं करणारी ही जात. अमेरिकेत कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या दोन संस्थांपैकी युकेसीकडे (युनायटेड केनेल क्लब) तिची नोंद 1927 पासून आहे, एकेसीकडे (अमेरिकन केनेल क्लब) अजूनही नाही. लहान शेतं गेली तशी ही कुत्रीही कमी झाली. घरात कोण केव्हा काय करतं हे ती पाठ करतात आणि घडी मोडली की स्वतःच शिस्त लावायला धावतात. मुलं पळाली की घेर घालणार, टाचेला तोंड लावणार. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या दिवाळीत झालं, हे तूच लिहिलंयस. वीस-पंचवीस किलोचं जनावर पायात आलं तर त्या कशाला धरतील?

आमच्याकडे शेल्टी होती, तीही मेंढ्या राखणाऱ्यांतलीच. ती आणण्याआधी मी बडोद्याला, रावपुऱ्यात आईला फोन केला. आईच्या दोन अटी: "कुत्री ओट्यापाशी येणार नाही, आणि मी तिला फिरायला नेणार नाही." दोन्ही मान्य केल्या. आई यायच्या आधीच स्वयंपाकघराच्या दाराशी चटई टाकून शेल्टीला तिथे बसायची सवय लावली. कुकरच्या शिट्टीला ती बिथरायची. म्हणून शिट्टी रेकॉर्ड करून अगदी हळू लावायची, लगेच चिकनचा तुकडा द्यायचा, असं करत करत आवाज वाढवला. आई आली आणि दुपारभर ही चटईवर, ती ओट्याशी. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई ठसक्यात सांगायची, "मला विचारून आणलीय हिला."

दोन गोष्टी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लाव. आजीच्या हातचा प्रसाद सगळ्यांना मिळतो, पण शिऱ्यातल्या मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि पोह्यातला कांदा त्याच्या रक्तपेशींना बाधतो. दुसरं, आपली माणसं येताना औषधांचा डबा घेऊन येतात. या जातीत एमडीआर1 हा जनुकदोष आढळतो, आणि तो असलेल्या कुत्र्याला जुलाबावरची लोपेरामाइडची साधी गोळीही जिवावर बेतू शकते. गालाच्या आतून बोळा फिरवून त्याची चाचणी होते, ती आधी करून घे.

कुंपणाचं रेस्क्यूवाले सांगतील तसं कर. खर्च दत्तक घेतानाच्या रकमेवर मोजू नकोस, खरा खर्च डॉक्टरचा. आणि सुट्टीत बडोद्याला? मुळीच नको. रेबीजच्या बाबतीत अमेरिका भारताला जास्त जोखमीचा देश मानते. ऑगस्ट 2024 पासूनच्या नियमांनी, इथे लस दिलेल्या कुत्र्याला तिथून परत आणायचं तर त्या लसीचा सरकारी शिक्क्याचा दाखला इथून निघण्यापूर्वीच काढावा लागतो. वर ते दाट केस आणि बडोद्याचा उन्हाळा!

बरेच रेस्क्यू आधी काही आठवडे फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला, कुत्रं देतात. तसं विचारून बघ, आणि सासूबाई इथे असतानाचेच आठवडे माग. त्याआधी फोन. रात्रीची जेवणं आटपली की करा, तिकडे सकाळचा चहा चालू असेल. नवऱ्यालाही शेजारी बसव आणि दोघं मिळून "घेऊ का?" असं विचारा.