बारशाआधीची यादी

प्रिय,

मुलगा झाल्याची बातमी आली आणि पाठोपाठ बावीस नावांची यादीही. अभिनंदन! आता यादीकडे वळतो, कारण बारसं बाराव्या दिवशी करायचं म्हणतोस आणि सात दिवस उलटले आहेत.

पहिली अडचण तू स्वतःच लिहिली आहेस. जन्म आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणात, म्हणून नावरस अक्षर, म्हणजे नावाचं पहिलं अक्षर, 'ङ'. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाची चार चरणं, अशी एकशे आठ अक्षरं होतात आणि त्यांत ङ, ञ, ण हेही येतात. या अक्षरांनी नावं सुरू होत नाहीत हे जुन्यांनाही कळत होतं. त्यांनी ङ ला ग, ञ ला ज आणि ण ला ड असा पर्याय देऊन ठेवला आहे. पण म्हणून लगेच 'ग'ची नावं शोधत बसू नकोस. शास्त्रात बाळाला चार नावं आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने ती लिहितात. मासनाम ठरलेलं असतं, श्रावणातल्याचं वासुदेव, पौषातल्याचं अनंत, फाल्गुनातल्याचं चक्री. नाक्षत्रनाम 'ग'वरून घ्या, तांदळात लिहा, आजी खूश. शाळेच्या पटावर जाणारं चौथं नाव मोकळं आहे, रास तिथे आडवी येत नाही. घरात वाद झाला तर हेच सांग, भटजीही नाही म्हणणार नाहीत.

आता अर्थ. तुझ्या यादीत 'आरव'पुढे 'शांत' लिहिलं आहे. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा. रात्री दोनला त्याची प्रचीती येईलच. 'अनय'ही काढून टाक. नय म्हणजे नीती, तेव्हा अनय काय ते तूच जुळव. 'रेयांश'मध्ये अंश कळतो, पण 'रेय' कशाचा? शिव अधिक अंश शिवांश, रुद्र अधिक अंश रुद्रांश, इथे दोन्ही तुकडे उभे राहतात. पहिला तुकडा एकट्याने अर्थ देत नसेल तर ते नाव कुणीतरी नादासाठी जुळवलेलं आहे असं समज. नाद आवडून ठेवलंस तर माझी हरकत नाही, फक्त नसलेला अर्थ पत्रिकेत छापू नकोस. खात्री करायला आपट्यांचा संस्कृत कोश आणि मोल्सवर्थचा मराठी कोश दोन्ही इंटरनेटवर फुकट चाळता येतात. बाळांच्या नावांच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, त्यामुळे दहा ठिकाणी तोच अर्थ दिसला म्हणून तो खरा होत नाही.

यादीत मला सगळ्यात आवडलेलं नाव 'हृषीकेश', आणि सगळ्यात जास्त त्रास देणारंही तेच. हृषीक म्हणजे इंद्रिय, त्यांचा ईश तो हृषीकेश. ऋषींशी त्याचा संबंध नाही. तरी निम्मा महाराष्ट्र 'ऋषिकेश' लिहितो. इंग्रजीत तर आणखी गोंधळ. आपण ऋ चा उच्चार 'रु' करतो म्हणून आर-यू, हिंदीवाले 'रि' म्हणतात म्हणून आर-आय, त्यात पुढे एच लावायचा की नाही, 'षी'ला एक आय की दोन ई. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, दहावीच्या गुणपत्रिकेवर तिसरं झालं की पुढे प्रतिज्ञापत्रं करत बसायचं. 'ज्ञ'चंही तसंच: आपण डी-एन-वाय लिहितो आणि महाराष्ट्राबाहेर लोक 'डनयानेश' वाचतात. ठेवायचंच असेल तर स्पेलिंग आज ठरव, कागदावर लिही आणि दोन्ही आजोबांना दे.

नाव एकटं कधीच राहत नाही. राज्याच्या निर्णयानुसार 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांचं नाव कागदोपत्री स्वतःचं, आईचं, वडिलांचं आणि आडनाव असं चार शब्दांत लिहायचं आहे. ते सलग मोठ्याने म्हणून बघ. 'निनाद'नंतर 'द'वरून सुरू होणारं नाव आलं की दोन्ही द एकमेकांत अडकतात. 'कैवल्य'पुढे 'य' आला तरी तेच. आद्याक्षरंही लिहून पाहा. मानस रमा छान वाटतं, पण पाटीवर 'मा. र.' होतं. मग हाक मारून बघ, एकदा खालच्या अंगणातून आणि एकदा रागावून. शाळेत प्रत्येक नावाला 'या' लागतो, मल्हारचा मल्ह्या, पार्थचा पार्थ्या. जे रूप ऐकून तुला हसू आवरत नाही, ते वर्गातल्या चाळीस जणांनाही आवरणार नाही.

कागदाचं नीट ऐक. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, दवाखान्यात जन्मला असेल तर ती दवाखाना पाठवतो. नाव ठरलं नसेल तर नावाची जागा रिकामी राहू दे. घरी सुटी देताना काउंटरवर घाई करतात आणि लोक 'सध्या काहीतरी लिहा' म्हणतात, चूक तिथेच होते. रिकाम्या जागी नाव भरणं सोपं आहे, 12 महिन्यांपर्यंत शुल्कही नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. एकदा लिहिलेलं नाव बदलणं मात्र अवघड, कारण निबंधक चूक दुरुस्त करतो, मन बदललं म्हणून नाव बदलून देत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. म्हणून आधी दाखला, मग त्यावरचीच अक्षरं बघून बाल आधार. दाखला हातात येताच काउंटरवरच मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी अक्षर-अक्षर वाच, ऱ्हस्व-दीर्घासकट.

आत्याला विसरू नकोस. पाळण्यात कानात नाव तीच सांगणार, तेव्हा तिला ते आदल्या रात्री नको, दोन दिवस आधी कळव. बावीसची तीन कर आणि उद्या संध्याकाळपर्यंत पाठव. 'आरव' त्यात नसावा.

तुझा,
काका