वाचक विचारतात : ताटात कसलं आलंय स्वराज्य?

प्रश्न : ताई, मुलगी मिनियापोलिसला असते, गेलो होतो तर तिनं आम्हाला तिथल्या आदिवासी जेवणाच्या हॉटेलात नेलं. मेन्यूत गहू नाही, दूध नाही, साखर नाही, चिकनपण नाही! जावई म्हणाले, हे त्यांचं स्वराज्य आहे. ताटात कसलं स्वराज्य? आणि येताना मुलीनं वाइल्ड राइसचं पाकीट दिलं, कुकरला ४ शिट्ट्या केल्या तरी कडकच. काय चुकलं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : काका, जावईबापूंचं बरोबर आहे, पण अर्धंच. तुम्ही गेलात ते बहुतेक शॉन शर्मन यांचं ओवाम्नी असणार, २०२१ ला सुरू झालं, शर्मन स्वतः लकोटा या तिथल्या आदिवासी जमातीचे. नियम साधा, गोरे येताना जे घेऊन आले ते चुलीवर चढवायचं नाही, म्हणून मैदा, दूधदुभतं, उसाची साखर, बीफ, पोर्क, चिकन सगळं बाद. एवढा राग का, तर रेशन. १८६४ ला अमेरिकन सैन्यानं नवाहो लोकांची मक्याची शेतं जाळून त्यांना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्के रेडोंडोच्या छावणीत नेऊन डांबलं आणि हातात दिलं काय, तर मैदा, चरबी, साखर. त्यातून आला फ्राय ब्रेड, साधारण आपल्या भटुऱ्यासारखा. आता कुणी त्याला गुलामीचं अन्न म्हणतं तर कुणाला त्यात आजी आठवते. मी नावं ठेवणार नाही बाबा, पोरं उपाशी असताना जे मिळालं ते तिनं तळलं.

पण उरलेलं अर्धं स्वराज्य तळ्यात आहे. वाइल्ड राइस म्हणजे ओजिब्वे या तिथल्याच आदिवासी लोकांचं मनोमिन, तांदूळ नव्हेच ते, पाण्यात उगवणाऱ्या गवताचं बी. ऑगस्टअखेरीला दोघं होडीत बसतात, एकजण लांब काठीनं होडी रेटतो, दुसरा एका काठीनं गवताची धाटं वाकवून दुसरीनं हलकेच झोडतो, बी होडीत पडतं, थोडं पाण्यात सांडतं ते पुढचं बियाणं. मग लाकडाच्या जाळावर भाजायचं, पायानं मळायचं, पाखडायचं (आपल्याकडच्या कुठल्याही आजीला सूप द्या, भाषा न येता जमेल). १८३७ च्या करारात अमेरिकन सरकारला जमीन देताना ओजिब्वेंनी हे गोळा करायचा हक्क लिहून घेतला होता, मिनेसोटाचं राज्य सरकार मानेना, शेवटी १९९९ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं तो हक्क शाबूत आहे म्हणून सांगितलं. २०१८ ला मिनेसोटातल्याच व्हाइट अर्थ या राखीव भागातल्या ओजिब्वेंनी तर मनोमिनलाच स्वच्छ पाण्याचा हक्क देणारा कायदा केला.

आता पाकीट. दाणा काळा चकचकीत असेल तर तो बहुतेक शेतात लावून मशीननं काढलेला, त्याला पाऊण तास ते तास लागतो. कुकर नको, उघड्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकळा, दाणा फुटून आतलं पांढरं दिसलं की पाणी गाळून टाका. हातानं झोडलेला, जाळावर भाजलेला तपकिरी असतो आणि वीसेक मिनिटांत होतो. पुढच्या खेपेला मुलीला तोच आणायला सांगा, आणि घ्यायचा तर ओजिब्वेंकडूनच.