वेण्णा लेकसमोर कॉफी शॉप टाकायचं असेल तर आधी जुलै बघून या

तुम्ही विचारलंय की पुण्यातली नोकरी सोडून महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या अगदी समोर कॉफी शॉप टाकायचं आहे, हाताशी बारा लाख आहेत, तर जमेल का. मी २०१८ पासून इथे दुकान चालवते, बाजारपेठेजवळ. जमेल, पण लेकसमोर नको, आणि बाराच्या बारा लाख लावून तर मुळीच नको.

तुम्ही इथे मे महिन्यात किंवा नाताळात आला असणार. तेव्हा लेकवर पाय ठेवायला जागा नसते. पण पाचगणीहून येणारा रस्ता लेकला लागूनच गावात शिरतो. सीझनच्या शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते आणि रांगेत अडकलेला माणूस कॉफीसाठी उतरत नाही. जो उतरतो त्याला गाडी लावायला जागा हवी असते. बोटिंग करून आलेल्यांना मक्याचं कणीस, भजी, स्ट्रॉबेरी क्रीम हवं असतं आणि ते देणारे गाडे समोरच उभे असतात. समोर पाणी दिसतं म्हणून तुम्ही जास्त भाडं भराल, पण गिऱ्हाईक त्या पाण्यासाठी कपामागे वीस रुपये जास्त देत नाही. याला अपवाद डिसेंबर-जानेवारीतली एखादी कडाक्याची पहाट. लेकच्या जेटीवर दवबिंदू गोठतात, ते बघायला लोक सहालाच येतात आणि गरम काहीही हातोहात खपतं. अशा पहाटा वर्षात मोजून थोड्या.

खरा प्रश्न जून ते सप्टेंबरचा आहे. इथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा याच चार महिन्यांत. जुलै २०२१ मध्ये तर एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला. आंबेनळी घाटाचा रस्ता तुटला, कोकणाकडून येणारी वाट कितीतरी दिवस बंद होती. पावसात बोटी बंद, घोडे बंद. पासरणी घाटात दरड आली की वाईकडून येणारं दूधही येत नाही, म्हणून मी टेट्रापॅकचे दोन खोके कायम ठेवते. भाडं मात्र बारा महिन्यांचं द्यावं लागतं.

पहिल्या पावसाळ्यात मी कॉफीच्या बियांच्या पिशव्या फळीवर उघड्या ठेवल्या होत्या. धुकं दारातून आत येऊन बसतं. पंधरा दिवसांत बिया मऊ पडल्या, ग्राइंडरमध्ये पूड चिकटायला लागली, एस्प्रेसो थेंबथेंब उतरायचा. आता चिकमगळूरहून दर आठवड्याला थोडंच मागवते, हवाबंद डब्यात ठेवते आणि दळण सकाळ-संध्याकाळ चाखून बदलते. पावसात सहसा थोडं जाड करावं लागतं. वीजही वारंवार जाते. मशीन इन्व्हर्टरवर चालत नाही, म्हणून मोका पॉट (गॅसवर ठेवून दाट कॉफी करायचं भांडं) आणि पितळी फिल्टर तयार असतात. (इथे पाणी साधारण साडेपंच्याण्णव अंशांनाच उकळतं, त्यामुळे हाताने गाळायच्या कॉफीसाठी पाण्याला उकळी आली की ते लगेच ओतलं तरी चालतं.)

त्या पहिल्या जुलैत मला तगवलं ते गावानं. टॅक्सीवाले, बोटवाले, हॉटेलांतले वेटर, शाळेचे शिक्षक. काम बंद असल्यानं त्यांना बसायला जागा हवी होती. मी फिल्टर कॉफीचा लहान पेला स्वस्तात ठेवला आणि चहाही सुरू केला. चहा ठेवायचा नाही असं मी आधी ठरवलं होतं, ती माझी चूक होती. आज टॅक्सीवालेच सीझनमध्ये पाहुणे आणून सोडतात, कमिशन न मागता. गावाला धरून राहिलेलं दुकान इथे टिकतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्यानंतर सुरू झालेली तीन सुंदर दुकानं दुसरा पावसाळा बघू शकली नाहीत.

सीझनमध्ये सगळ्यात जास्त खपते कोल्ड कॉफी, त्याखालोखाल हॉट चॉकलेट. गुजरातहून आणि मुंबईहून येणारी कुटुंबं खूप, त्यामुळे कांदा, लसूण, बटाटा नसलेलं जैन सँडविच हवंच, आणि त्याची सुरी-पाटी वेगळी. लोक विचारतात, आणि खरं उत्तर द्यावं लागतं.

पैशांचं म्हणाल तर आधी वर्षाचं भाडं आणि कामाला ठेवलेल्या दोन मुलांचे चार महिन्यांचे पगार बाजूला काढा, ते वेगळ्या खात्यात टाका. उरलेल्यात दुकान बसवा. मशीन एका ग्रुपचं (म्हणजे कॉफी उतरायला एकच तोंड असलेलं), जुनं पण नीट सर्व्हिस केलेलं घ्या. दुरुस्तीला माणूस पुण्याहून येतो आणि पावसात दोन-दोन दिवस येत नाही, तेव्हा गॅस्केट (मशीनमधली रबरी चकती) आणि पंप जवळ असू द्या. जीएसटी ५ टक्के लावाल तेव्हा मशीनवर भरलेला कर परत मिळत नाही, तोही खर्चात धरा.

आणि करार करण्याआधी जुलैत आठ दिवस येऊन राहा. रोज संध्याकाळी पाचला लेकपासून बाजारपेठेपर्यंत चालत जा. कोणती दुकानं उघडी आहेत आणि आत कोण बसलंय ते लिहून ठेवा. माझ्याकडे आलात तर पावसाळ्यातला गल्ला दाखवते, वही उघडून.