लेबर रूमची कोरी पानं

तासगाव तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा खासगी कॉलेजात बीएस्सी नर्सिंगच्या सातव्या सत्रात शिकतो. सहाव्या सत्रात वर्गातल्या मुलींना लेबर रूमची पोस्टिंग, म्हणजे तिथे प्रत्यक्ष कामाची पाळी, मिळाली. पाच मुलांना मात्र इन्चार्ज सिस्टरांनी दारातूनच परत पाठवलं, 'नातेवाईक ओरडतात' म्हणून, आणि ओपीडीत बसवलं. आता परीक्षेचा फॉर्म भरायला दीड महिना उरलाय, केसबुक, म्हणजे स्वतः हाताळलेल्या रुग्णांच्या नोंदींची वही, अपुरं आहे. कॉलेजातले एक जण म्हणतात, मुलींच्या केसबुकातून उतरवून घ्या, सही देतो. वर्ष वाया जाईल का आणि कोर्टात जाता येईल का, असं वडील विचारतात. कराड आणि जतहूनही जवळपास हीच तक्रार आली होती, म्हणून उत्तर जाहीर देतोय.

तुमचं सगळं प्रकरण हजेरीच्या नियमावर उभं आहे. नर्सिंग शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या अभ्यासक्रमात दोन वेगळ्या अटी आहेत. परीक्षेला बसायला प्रत्येक विषयात थिअरी आणि प्रॅक्टिकल, दोन्हीची ८० टक्के हजेरी लागते. पदवी मिळण्याआधी मात्र प्रत्येक प्रॅक्टिकल विभागातली हजेरी १०० टक्के पूर्ण व्हावी लागते. ८० चा आकडा सगळ्यांना पाठ असतो, १०० ची ओळ फार थोडे वाचतात.

म्हणून आधी हिशोब मांडा. प्रसूती विषयाची पोस्टिंग नुसती लेबर रूमची नसते. गर्भवती तपासणी, प्रसूतीनंतरचा वॉर्ड, कुटुंब नियोजन हे तास त्याच विषयात धरले जातात. ते मिळून ८० टक्के भरत असतील, तर लेबर रूमच्या नावाखाली फॉर्म अडवणं कॉलेजला जड जाईल. भरत नसतील, तर फॉर्मच्या तारखेआधी भरपाईची पोस्टिंग मिळवणं एवढाच मार्ग दिसतो. आणि परीक्षा पार पडली तरी १०० ची अट सुटत नाही. ती पोस्टिंग सुट्टीत, जिथे बाळंतपणं जास्त होतात अशा दुसऱ्या संलग्न रुग्णालयात करून देण्याची मागणी आजच करा.

उतरवून घेण्याचा विषय इथेच बंद करा. तुम्ही केसबुकाचे फोटो पाठवलेत. गर्भवती तपासणीची पानं निळ्या शाईत भरलेली, खाली सिस्टरांची सही. 'स्वतः केलेली प्रसूती' या मथळ्याखाली बाळाचं वजन, जन्माची वेळ, सगळे रकाने कोरे, आणि वर कोपऱ्यात पेन्सिलीने 'नंतर'. तो शब्द तुमच्या मुलाने लिहिला नसेल, तर खोडू नका. पोस्टिंग द्यायची राहिली, हे कॉलेजच्या माणसाच्या हातचं एवढंच लिखाण सध्या तुमच्याकडे आहे. उलट, न केलेल्या बाळंतपणाची नोंद म्हणजे खोटं रेकॉर्ड. त्यावर मिळालेली नोंदणी पुढे कधीही अडचणीत येईल. शिवाय हे पोरगं उद्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला एकटं असेल आणि दारात बाई कळा देत येईल, तेव्हा उतरवलेलं केसबुक काय कामाचं?

मुलांना वगळता येतं का? एखाद्या बाईने 'मुलगा नको' म्हटलं, तर तिचा शब्द अखेरचा. त्यावर वाद घालू नये. पण सगळ्या मुलांना सगळ्या दिवसांसाठी बंदी ही निराळी गोष्ट झाली. जिथे फक्त मुली घ्यायच्या असतात, तिथे नियमच तसं सांगतो, जसा एएनएमचा, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेच्या कोर्सचा. बीएस्सीला मुलांचा प्रवेश खुला आहे आणि प्रसूती विषय त्यांनाही सक्तीचा आहे. लेबर रूममध्ये एमबीबीएसची मुलं चालतात, मग महिला कर्मचारी सोबत ठेवून नर्सिंगची का नकोत, हे कॉलेजला लेखी विचारायला हवं होतं.

आणि नेमकं तेच तुम्ही केलं नाहीत. सात महिने 'सर बघतो म्हणालेत' एवढ्यावर बसलात. हे वाचून मला राग आला, कारण कोर्ट पहिला प्रश्न हाच विचारणार: तुम्ही लेखी कधी मागितलं? ज्याच्याकडे लेखी मागणीची तारीख नाही, त्याला परीक्षेच्या तोंडावर अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश मिळणं अवघड असतं.

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू आहे. सांगली-साताऱ्याच्या माणसाला रिटसाठी, म्हणजे थेट उच्च न्यायालयातल्या याचिकेसाठी, मुंबई गाठावी लागत नाही, पण अंतर कमी झालं म्हणून उशीर माफ होत नाही. खासगी कॉलेजविरुद्ध रिट टिकेल का, हे कागद बघूनच सांगता येईल. आरोग्य विद्यापीठ आणि कौन्सिल यांना सोबत पक्षकार केलं तर बाजू बळकट होते, एवढं आत्ता म्हणतो.

येत्या सोमवारी पाचही मुलांच्या सह्यांनी प्राचार्यांना अर्ज द्या. पोस्टिंगच्या तारखा, कुणी परत पाठवलं आणि भरपाईची मागणी, एवढंच लिहा. रडगाणं नको. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. क्लार्क पोच देईना, तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट करा. एक प्रत नाशिकला विद्यापीठाच्या कुलसचिवांना पाठवा. सोबत दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विद्यापीठाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि या कॉलेजने मुलांची प्रसूती विषयाची हजेरी काय कळवली आहे, ते मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, म्हणजे फॉर्मच्या तारखेआधी ते जेमतेम हातात येईल.

कॉलेजने पंधरा दिवसांत लेखी उत्तर दिलं नाही, तर पोच घेतलेली प्रत आणि ते केसबुक, पेन्सिलीच्या शब्दासकट, घेऊन मुलालाच माझ्याकडे पाठवा.