विश्रामबागचं ऑफिस आणि बीकेसीचा पत्ता

ताई, मला कळलं ते असं: सांगलीत विश्रामबागला दोन खोल्यांत तुमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे, कामं पगारपत्रकांची आणि हिशेबाची. गिऱ्हाइकं बरीचशी मुंबईची, त्यात दोन एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपन्या. आता बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, व्हर्च्युअल ऑफिस (स्वतःची खोली नाही, नुसता पत्ता आणि टपालाची सोय) घ्यावं, नरिमन पॉइंटला एखादी केबिन घ्यावी, की सांगलीतच मोठी जागा बघावी, हा प्रश्न. मी कंपनी आणि जीएसटीच्या कागदांचीच कामं करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो.

दर नंतर बघू. आधी त्या पत्त्यावर कोण येणार आहे ते ठरवा. पोस्टमन, अधिकारी की गिऱ्हाईक? तिघांसाठी वेगवेगळी जागा लागते, आणि व्हर्च्युअल ऑफिस विकणारे तिघांनाही एकाच पॅकेजात बसवतात.

तुमच्या मनात बहुधा लेटरहेड आहे. पण कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे लेटरहेडवर आणि बिलावर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक) छापावाच लागतो. म्हणजे वर बीकेसी मोठ्या अक्षरात छापलं तरी खाली विश्रामबाग, सांगली येणारच. ते काढायचं तर नोंदणीकृत कार्यालयच मुंबईला न्यावं लागेल, आणि इथे खरी मेख आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर हे जिल्हे पुण्याच्या आरओसीकडे (कंपन्यांच्या रजिस्ट्रारकडे) येतात, बीकेसी मुंबईच्या आरओसीकडे. राज्य एकच, तरी रजिस्ट्रार बदलतो. त्यासाठी विशेष ठराव, निदान महिनाभर आधी वर्तमानपत्रांत जाहिरात, घेणेकऱ्यांना नोटिसा, मग रजिस्ट्रारच्या वरच्या रिजनल डायरेक्टरची मंजुरी. एवढं करून हातात काय, तर ज्या पत्त्यावर तुमचं एक कपाटही नाही तो पत्ता.

रजिस्ट्रारला शंका आली तर त्याला नोंदणीकृत कार्यालयाची प्रत्यक्ष पाहणी करता येते. तिथे कंपनीच्या नावाची पाटी हवी, तीही स्थानिक भाषेत, आणि आलेलं टपाल घेऊन पोच देणारं कोणी तरी हवं. कसूर झाली तर दिवसाला १,००० रुपये दंड, कमाल १ लाख. रिसेप्शनला शेकडो कंपन्यांच्या नावांचा एक टीव्ही फिरतोय, ही पाटी म्हणायची का, यावर वाद घालायची वेळ आपल्यावर येऊच नये, असं माझं मत.

जीएसटीचं काय, तर बीकेसी महाराष्ट्रातच आहे. नोंदणी राज्यनिहाय असते, त्यामुळे सांगलीचाच नंबर मुंबईतही चालतो. मुंबईत मीटिंग रूम घेतली तर त्यावरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिटही, म्हणजे तेवढी वजावट तुमच्या भरायच्या जीएसटीतून, सांगलीच्या नंबरावर मिळतं. तिथून रोजचा धंदा करणार असाल तरच ती जागा जीएसटी नोंदणीत अतिरिक्त व्यवसायस्थान म्हणून दाखवा. नुसती शोभेला दाखवू नका, कारण दाखवलेल्या जागेतून धंदा होत नाही असं आढळलं तर नोंदणी रद्द होऊ शकते. व्हर्च्युअल ऑफिसचा खरा उपयोग परराज्यात नोंदणी लागते तेव्हा होतो, उदाहरणार्थ मार्केट यार्डातला हळदवाला बंगळूरच्या गोदामातून ऑनलाइन माल विकायला लागला तर. तुमचं तसं काही नाही.

आता गिऱ्हाईक. तुमच्या दोन एनबीएफसी तुम्हाला काम देतात म्हणजे त्यांच्या दृष्टीने ते आउटसोर्सिंग झालं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सेवा देणाऱ्याकडे जाऊन तपासणी करायचा हक्क त्यांना करारात ठेवावा लागतो. आयटी सेवांसाठी तर २०२३ साली वेगळे निर्देशच आले. त्यांचा ऑडिटर येईल तो जिथे संगणक आहेत, माणसं बसतात आणि फायली आहेत तिथे. बीकेसीचा पत्ता देऊन त्याला विश्रामबागला आणलंत तर पहिला प्रश्न कोणता असेल ते तुम्हीच ओळखा. उलट दाराला नीट कुलूप, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, कॅमेरा, बॅकअप आणि दुसरी इंटरनेट लाइन दाखवलीत तर सांगलीचा पत्ता कुणाला खुपत नाही.

म्हणून माझा कल असा: पैसा सांगलीच्या जागेवर घाला आणि मुंबईत खोली तासावर घ्या. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी सीएसएमटी. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झालीय, म्हणजे सीएसएमटीवरून थेट बीकेसी. टॅक्सीत बसून वांद्र्याला तासन् तास अडकायचं दुखणं गेलं. एका दिवसात फोर्टमधलं एक आणि बीकेसीतलं एक, अशी दोन गिऱ्हाइकं आरामात होतात.

सांगलीत जागा बघताना मात्र एक गोष्ट भाड्याच्याही आधी विचारा: २०१९ ला महापुराचं पाणी कुठवर आलं होतं? कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. गणपती पेठ, मारुती रोड, हरभट रोड पाण्यात होते. तिकडे आज भाडं कमी सांगतील, जागा बँकांजवळ असेल, पण दुसऱ्यांच्या पगाराच्या फायली तळमजल्यावर ठेवायला मी सांगणार नाही. वरचा मजला असला तरी वीजमीटर आणि जनरेटर कुठे आहे ते बघा. मीटर तळघरात असेल तर वर कोरडं राहूनही ऑफिस बंदच. मालकाला विचारू नका, शेजारच्या दुकानदाराला विचारा, तो भिंतीवरची खूण दाखवतो.

करार ११ महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हा समज सोडा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे जागा ठरावीक मुदतीपुरती वापरायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामतीवर धरलेलं १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के, म्हणजे वाचवण्यासारखी रक्कमच नाही. मालकाचा जीएसटी नंबर नसेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यावसायिक भाड्यावरचा जीएसटी तुम्हालाच भरावा लागतो. क्रेडिट मिळतं, पण आधी पैसे खिशातून जातात, ते महिन्याच्या हिशेबात धरा.

नरिमन पॉइंटच्या केबिनवर फार लिहीत नाही. रोज तिथे बसणारं माणूस नसेल तर ती घेऊ नका. पुढे कधी घ्यायची झालीच तर दर कार्पेटवर (आतल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेवर) आहे की चार्जेबल एरियावर (बाहेरची सामायिक जागा धरून) ते विचारा. ५०० फुटांचे पैसे घेऊन आत ३०० फूट मिळणं तिकडे काही नवल नाही. संध्याकाळनंतरच्या एसीचे पैसे वेगळे लागतात का, तेही विचारा. महिनाअखेरीला पगारपत्रकं रात्री उशिरापर्यंत चालतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

आणि एवढं वाचूनही बीकेसीचा पत्ता घ्यायचाच असेल, तर व्हर्च्युअल ऑफिस चालवणाऱ्या ऑपरेटरकडून मूळ मालकाची एनओसी (ना हरकत पत्र) आणि पुढे जागा द्यायचा त्याला हक्क आहे हे दाखवणारं करारातलं पान मागून घ्या. आलेलं टपाल किती दिवसांत स्कॅन करून पाठवणार ते लेखी घ्या, नोटिशीची मुदत तिकडच्या टेबलावर संपायला नको. ऑपरेटरनेच जागा सोडली तर तुमचे किती पैसे परत मिळणार, हे कलम बहुतेक करारात नसतं. ते घालून घ्या, आणि तो नको म्हणाला तर फक्त तीन महिन्यांचे पैसे भरा.